धुक्यातली थाळी

पौड, मंगळवार

आई,
पाया पडतो. मी सुखरूप आहे, हे आधी वाच. फोन भिजलाय, म्हणून हे कार्ड.

धबधब्याचे फोटो काढायला एकटाच डोंगरात गेलो होतो. परतताना दाट धुकं उतरलं, पायवाट दिसेना. तेवढ्यात खालून थाळी वाजल्याचा आवाज आला. त्या रोखाने उतरत राहिलो आणि शेळ्या राखणाऱ्या राजाबाईंच्या दारात पोचलो.

"मला वाटलं, मल्हार आला," त्या म्हणाल्या. मल्हार त्यांचा मुलगा. गेल्या पावसाळ्यात शेळी शोधायला गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून धुकं पडलं की त्या थाळी वाजवतात.

मला भाकरी वाढून त्या पुन्हा वाजवायला बसल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? शनिवारी येतोय. उशीर झाला तर दारात उभी राहू नकोस.

तुझा,
सौमित्र