टेम्पोच्या बेरिंगची पैज

उस्ताद, तुम्हाला काही आठवत नसणार, म्हणून मीच सांगते. हातात पाना धरून तुम्ही सगळ्या गॅरेजभर विचारत फिरायचात, "बाई, माझा पाना कुठं गेला?" अशा माणसाला मरून इतकी वर्षं झाल्यावर एक हरलेली पैज काय आठवणार? मला आठवते. मला अक्षर येत नाही, त्यामुळं सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. ही माझी नात लिहून घेते आहे. मी सांगते त्याहून शहाणं लिहीत असावी असा मला संशय आहे, पण तपासणार कशी?

आज सकाळी नातवाचा फवारणीचा पंप बिघडला. आपल्या त्या टेम्पोसारखाच तोही पेट्रोलात ऑइल मिसळून पाजावं लागणारा. पिस्टन गेला, असं तो म्हणत होता. मी लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि म्हटलं, "पिस्टन न्हाई रं, क्रँकचं बेरिंग गेलंय." तो माझ्याकडं बघतच राहिला. तुम्हीही तसेच बघत राहिला होतात, म्हणून हे पत्र.

लातूरचा नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या रंगल्या होत्या आणि आड कोरडे पडले होते. शेतात काम नव्हतं, म्हणून मी तुमच्याकडं इंजिनाचे भाग रॉकेलनं धुवायला लागले. आमच्या वस्तीला रेणापूरच्या बाजूच्या एका विहिरीवरून पाणी यायचं, तीन चाकी टेम्पोतून, ड्रम भरून. त्या दिवशी तोच टेम्पो तुमच्या पुढ्यात खोलून पडला होता आणि तिकडं वस्तीत घागरींची रांग लागली होती. धुतलेला क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, माझ्या हातात होता. त्याचं बेरिंग मी बोटानं गरकन फिरवलं, तर तुम्ही चार गिऱ्हाइकांदेखत ओरडलात, "नक्को बाई! कोरडं बेरिंग फिरवायचं नसतं. कोरडं असलं की नवंसुद्धा बोंबलतं. भाकरीचा गोळा हाय का तो?" गिऱ्हाइकं हसली. मी क्रँक खाली ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

तुम्ही पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहिलात. तो जरासुद्धा हलला नाही. "क्रँक ठणठणीत," असं म्हणून तुम्ही नवा पिस्टन घातलात. टेम्पो गावाबाहेरच्या चढापर्यंत गुरगुरत गेला आणि तिथंच बसला. पुढचे दोन दिवस तुम्ही पिस्टन काढताय, घालताय, कार्बोरेटर फुंकताय, आणि आम्ही बायका दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणतोय. तिसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक म्हणाला, "उस्ताद, राहू द्या. मी गाडी नांदेडला नेतो." तुमचा चेहरा एवढासा झाला. नांदेडला न्यायची म्हणजे आणखी आठ दिवस पाणी नाही, हे मला दिसत होतं.

मग मी बोलले. "उस्ताद, रॉड चांगला हाय. ज्याच्यावर क्रँक फिरतो ते बेरिंग गेलंय."

"तुला कसं कळलं?"

"जात्याची मधली खीळ झिजली की वरची तळी एका अंगानं घासती. हे क्रँकच्या टोकाचं मॅग्नेटचं चाक बघा, एकाच अंगाला चकाकतंय. सीलबी एकाच बाजूनं खाल्लंय. क्रँक डुगडुगतोय."

"तुमच्याकडं जात्यात पेट्रोल घालतात काय?" मालक हसला. तुम्ही हसला नाहीत. "बेरिंग निघालं तर तुला भाभीच्या हातची खिचडी अन् चिंच-तिळाचा खट्टा," म्हणालात. "न्हाई निघालं तर महिनाभर तोंड उघडायचं न्हाई."

"लावली," मी म्हटलं. "महिनाभर गप ऱ्हायचं म्हंजे मला तुरुंगच."

इंजिन पुन्हा खोललं. या वेळी मी बेरिंगवर ऑइलचे दोन थेंब सोडले आणि क्रँक तुमच्या हातात दिला. तुम्ही डोळे मिटून हळूहळू फिरवताय, आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी तुमची भुवई उडतेय. बेरिंग ओढून काढलं तर आतल्या वाटेवर देवीच्या वणांसारखे खड्डे. "हौ," तुम्ही म्हणालात. एवढंच.

नवं बेरिंग बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो भरलेले ड्रम घेऊन गॅरेजसमोर थांबला, इंजिन कसं एकसुरात वाजत होतं. मालकानं तांब्याभर पाणी तुमच्या डोक्यावर ओतलं. दुष्काळात ती केवढी चैन. दाढीतून पाणी निथळत तुम्ही ते जुनं बेरिंग माझ्या ओंजळीत ठेवलंत, "ले बाई, तुझं जातं." आणि त्या आनंदात खिचडी विसरलात, ती विसरलातच. मीही मागितली नाही. मागून घेतली तर ती पैज कसली?

ते बेरिंग माझ्या ट्रंकेत आहे. दिवाळीला त्याला तेल लावते. कोरडं अजून कधी फिरवलेलं नाही.

नात विचारते, पत्ता काय घालू? मी म्हटलं, घालू नको, कागद त्या बेरिंगखाली ठेव. पण एक सांगायचं राहिलं आहे. एका अंगानं घासलेलं ते चाक मी पहिल्याच दिवशी धुताना पाहिलं होतं. तुम्ही चारचौघांत बोललात म्हणून रुसले होते, बोलले नाही. माझ्या रुसव्यापायी सगळ्या वस्तीनं दोन दिवस पाणी वाहिलं, आणि घागरी वाहून माझीच मान आखडली तेव्हा मला कंठ फुटला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नात लिहायची थांबून माझ्याकडं बघते आहे.

तेव्हा पैज मी अर्धीच जिंकले असं धरा. भाभीही आता तिकडंच आहेत. खिचडी अर्धाच डबा पाठवा. खट्टा मात्र काठोकाठ, तीळ भाजून कुटलेले, वेगळ्या डब्यात. आणि डबा भाभींनाच बांधू द्या, तुम्ही झाकण लावायला विसराल.