कडीवर हात ठेवून

डंडी, ८ फेब्रुवारी १९९८

ती. इशबेल आत्यास रोनाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले धुरी दिलेले मासे पोचले. घरमालकीणबाईंनी जिन्यातूनच विचारलं, की आग कुठे लागली आहे. वारा इतका, की छत्री उघडेल तो परगावचा समजावा. बाबा येऊन गेले. बोट रंगवायला काढली आहे म्हणाले, आणि तू अजूनही त्यांची पत्रं लाल शाईने दुरुस्त करून परत धाडतेस, अशी तक्रार केली. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेली बहीण कुणाच्याही नशिबी येऊ नये, असं त्यांचं मत आहे.

सी.ए.चा अभ्यास बरा चालला आहे. पर्यायांच्या प्रश्नांत चारही उत्तरं मला सज्जन वाटतात, कुणाला नाही म्हणवत नाही. हिशेबाच्या प्रश्नांत ताळेबंद जुळल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. अशिलाला सल्ला देण्याचा लेखी प्रश्न मात्र आवडता. तिथे पानंच्या पानं लिहिते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रोना

ता. क. जूनची परीक्षा शेवटची संधी आहे. या वेळी नापास झाले तर फर्म मला काढून टाकणार, असं साहेबांनी सांगितलं. बाबांना कळवू नकोस.

मॉनट्रोज, १२ फेब्रुवारी

चि. रोनास अनेक आशीर्वाद.

मासे, वारा आणि बोट यांना तू अख्खे पत्र दिलेस. नोकरी जाण्याला ताजा कलम. याचा विचार पुढे करू.

चुकीचा पर्याय बहुधा खोटा नसतो. तो दुसऱ्याच प्रश्नाचे खरे उत्तर असतो. म्हणून पर्याय हाताने झाक, स्वतःचे उत्तर काढ, आणि मगच हात उचल. सज्जनांची ओळख नंतर करून घेता येते. हिशेबात परीक्षक तुझी रीत तपासतो आणि रीतीला गुण देतो. ताळेबंद जुळला नाही, तर फरक तसाच ठेवून पुढच्या प्रश्नाकडे जा. आपल्या घराण्यात फरक सोडून कोणी जेवायलादेखील उठलेले नाही, हे मी जाणते. तरीही जा.

लेखी प्रश्नाचे एखादे जुने उत्तर पाठव. तो तुला आवडतो, म्हणूनच मला शंका येते.

तुझ्या वडिलांना मी काही सांगणार नाही. विचारले तर खोटेही बोलणार नाही. ते मला काही विचारीत नाहीत, ही सोय आहे.

तुझे भले चिंतणारी,
इशबेल आत्या

मॉनट्रोज, ३ मार्च

चि. रोनास अनेक आशीर्वाद.

तुझे उत्तर वाचले. बेकरीवाल्याने दुसरे दुकान घ्यावे की नाही, एवढाच प्रश्न होता. तू गावाची वस्ती, पिठाचे भाव, भाड्याच्या दोन्ही बाजू मांडल्यास. त्यांत एकही दोष नाही. ‘दुकान न घेण्याचाही कदाचित विचार करता...’ हे शेवटचे वाक्य, आणि तेही वेळ संपल्यामुळे अर्धवट.

आपल्या किनाऱ्यावर माणूस कामाचे केव्हा बोलतो? हवापाणी होते, चहा होतो, कोट चढवला जातो, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून तो सांगतो, की बरे का, तुमची बोट दोर तुटून वाहून गेली. गावात याला सभ्यता म्हणतात. परीक्षेत मात्र कडीपर्यंत पोचण्याआधी घंटा होते.

निष्कर्ष आधी लिही, कारणे मागून. मला पत्र लिहितानाही हाच नियम पाळ. पहिल्या वाक्यात मुद्दा नसेल, तर पत्र न वाचता परत येईल. टपाल हंशील तुझे.

तुझे भले चिंतणारी,
इशबेल आत्या

डंडी, २४ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मला भीती वाटते. हा मुद्दा.

आता कारणं. पर्यायांचे प्रश्न उत्तरं हाताने झाकून सुटायला लागले आहेत. हिशेबातला फरक सोडून पुढे जाते, पण चूल पेटती ठेवून घराबाहेर पडल्यासारखं होतं. आणि सल्ल्याच्या पहिल्याच ओळीत ‘घेऊ नका’ लिहायचं म्हणजे चिखलाचे बूट घालून लोकांच्या दिवाणखान्यात शिरणं.

तुझ्या नियमाने बाबांनाही एका वाक्यात सगळं कळवलं. दुसऱ्या दिवशी बसने हजर. हवेबद्दल बोलले, चहा घेतला, कोट घातला, आणि कडीवर हात ठेवून म्हणाले, की बोटीला रंगारी हवाच होता. मग जिन्यात बराच वेळ नाक शिंकरत उभे होते.

धाक असू दे, पण त्याच्या मागे मायाही असू दे.

तुझी रोना

डंडी, २१ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पास झाले.

कारणं: ताळेबंद जुळला नव्हता, मी पुढे गेले. लेखी प्रश्नात एका गिरणीवाल्याला यंत्र घ्यायचं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं, घेऊ नका. लिहून झाल्यावर मनातल्या मनात त्याची माफी मागितली. फर्मने नोकरी कायम केली आहे. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, वाईट नाही. म्हणजे आनंदाने वेडे झाले असणार.

तुझी रोना

मॉनट्रोज, २५ ऑगस्ट

चि. रोनास अनेक आशीर्वाद.

वारा उत्तरेकडून आहे. ओट्सची बिस्किटे वेगळी पाठवीत आहे. त्यांना वास नाही, हे घरमालकीणबाईंस कळव. बोट निळी झाली आहे. रंग मला पसंत नाही, तुझ्या वडिलांस तसे सांगितले. तुझ्या पत्रात एके ठिकाणी स्वल्पविराम अनावश्यक होता. बाकी मजकूर समाधानकारक.

तुझे भले चिंतणारी,
इशबेल आत्या

ता. क. तुझे पत्र फाटकातच उघडले, आणि तशीच धक्क्यावर तुझ्या वडिलांकडे चालत गेले. टोपी घरी राहिली, हे परत आल्यावर लक्षात आले. मला तुझा फार अभिमान वाटतो. नियम परीक्षेपुरता होता.