माणूस निघाला आहे

३ जून
नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खुर्ची फिरणारी! रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत हात पोळून घेतलेला माणूस आज लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटचा प्रमुख झाला. बायको म्हणाली, आता तरी डबा वेळेवर खा. कान मात्र अजून टपरीचेच. मालक शेजारच्या खोलीत कुणावर गुरगुरतायत ते भिंतीआडून कळतं. आज गुरगुर फॉर्मवर होती. लिफ्ट अडकली की लोक मोबाइलवरून तक्रार भरतात. सर्व्हर ती तपासतो आणि काही राहिलं असेल तर त्या रकान्याखाली लाल ओळ उमटते. मालकांचं म्हणणं, गिऱ्हाईक आधीच वैतागलेलं, त्यात आपण मास्तरासारख्या चुका काढायच्या?

४ जून
काम फत्ते. सर्व्हर काहीही म्हणो, पानावर आता एकच हिरवी ओळ: ‘तक्रार मिळाली. माणूस निघाला आहे.’ सर्व्हरचं काम बघणाऱ्या पोरीने विचारलं, काका, सर्व्हरने तक्रार नाकारली तर? मी म्हटलं, तू निवांत बाळंतपणाला जा, ते मी नंतर बघतो. मालकांनी चारचौघांत पाठ थोपटली. मेकॅनिक अण्णा म्हणाले, चला, आता शिव्या कमी पडतील. अण्णा लिफ्टशी गप्पा मारतात. म्हणे बायकोपेक्षा ती जास्त ऐकते.

११ जून
तक्रारी निम्म्यावर आल्या. मालक खूश, मीही खूश. नंतर बघायचं ते मात्र राहिलंच.

१६ जून
एक आजी लिफ्टमध्ये अडकून वारल्या. हृदयाच्या गोळ्या वर घरात राहिल्या होत्या. त्यांनी आपल्या फॉर्मवर तक्रार भरली आणि मुलाला कळवलं, माणूस निघालाय रे, तू धावपळ करू नकोस. मुलगा थांबला.
आता सगळे अण्णांना विचारतायत, निघालास तर पोचला का नाहीस? अण्णा म्हणतात, तक्रार आलीच नाही हो. कोण ऐकणार? पडद्यावर तर लिहिलंय.
मुलाने आजींचा मोबाइल दाखवला. हिरव्या ओळीच्या वर लिफ्ट क्रमांकाचा रकाना रिकामा. सर्व्हरने नाकारलं, आणि ते मी त्यांना दिसू दिलं नाही.
लाल ओळी गुपचूप परत लावल्या. अण्णांना चहा पाजला. त्यांनी घेतला, हेच वाईट.

१८ जून
चौकशीची जबानी आपल्याच वेबसाइटवर भरायची आहे. लिहिलं: फॉर्ममध्ये दोष नव्हता. खाली लाल ओळ आली: ‘हे खरं नाही.’
असा संदेश आम्ही लिहिलेलाच नाही. सगळं धुंडाळलं. कुठेही नाही.

१९ जून
रजेचा अर्ज. कारण, ताप. लाल ओळ: ‘ताप नाही.’ कपाळ चाचपलं. गार.
मग घरच्या विजेचा फॉर्म – ती कंपनीच वेगळी! – माझ्या नावाखाली लाल: ‘माणूस अजून आला नाही, बाळा.’
बायकोला दाखवलं. तिला तिथे काहीच दिसत नाही.

२० जून
भिंतीत टकटक. बायको म्हणते, नळ असेल. नळ थकत नाही. ही टकटक थकत चाललीय.

२१ जून
दुपारी अण्णांना पोलीस नेणार. जबानीची मुदत आजच.
मला माहीत नव्हतं – लाल. नजरचुकीने झालं – लाल. मालकांनी सांगितलं म्हणून – लाल, लाल.
आता या वहीतही. माझ्या निळ्या अक्षरांखाली. घरात लाल पेन नाही –

शेवटी खरं लिहिलं. सर्व्हरचा नकार मी लपवला, अण्णा निर्दोष. पाठवलं.
हिरवी ओळ आली. जबानी मिळाली.
मिळाली? कुणाला? हिरव्याची किंमत माझ्याइतकी कुणाला –
अण्णांचा फोन बंद. ऑफिसात जाऊन तोंडानेच सांगतो. ही वही सोबत घेतो, तारखांसकट दाखवायला.

लिफ्टमध्ये आहे. जिना चढायला वेळ नव्हता. मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवा मिणमिणतोय. घंटी वाजत नाही, मोबाइलला रेंज नाही. वरून आवाज येतायत, अण्णांना नेतायत वाटतं – ओरडलो – कुणी ऐकत नाही –
टकटक आता मीच करतोय.
दार उघडून ज्याला ही वही मिळेल त्याने एवढंच सांगा – अण्णांचा काहीही –