उजव्या शिवणीबद्दल मी काहीच बोललो नाही

आदरणीय दादा,

हे पत्र ज्यावर लिहितोय ते टेबल, बुडाखालची खुर्ची, मागचं कपाट आणि तुमच्या माळ्याला टेकलेली ती शिडी (चौथी पायरी तुम्ही सैल केलीत, तरीही) ही सगळी याच दोन हातांनी, कुणाच्याही हाताखाली न शिकता केलेली कामं आहेत. त्याच हातांनी तुम्हाला नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, गेले नऊ दिवस तुमच्याकडे आहे. खुशाल राहू दे. माझी काही घाई नाही. फक्त खरा प्रकार तुम्हाला कळावा, कारण तिने सांगितलेल्यात तपशिलाच्या चुका असणार.

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात मी फोरमन, हे तुम्ही जाणताच. महिन्याभरात तीन कारागीर सोडून गेले आणि तिघांनीही कारण म्हणून माझंच नाव लिहिलं (एकाने तेही चुकीचं). तेव्हा मालकांनी मला माणसं सांभाळायला शिकवण्यासाठी एक प्रशिक्षक बाई आणल्या. त्यांचं शास्त्र असं, की माणसाच्या उणिवा उगाळत बसू नये, त्याची बलस्थानं हेरून त्यांना खतपाणी घालावं. म्हणजे तोही वाढतो आणि आपणही नेते होतो. चौदा दिवस चूक काढायची नाही, रोज प्रत्येकाचा एक गुण सांगायचा, आणि तो खरा हवा. (खोटं मी मापातसुद्धा बोलत नाही.)

पहिल्याच दिवशी पॉलिशवाल्याला म्हटलं, "कपाटाचं डावं दार आरशासारखं झालंय." तो पांढराफटक पडला. "आणि उजवं?" मी गप्प. (उजव्यावर ओघळ होता, तीन सेंटीमीटरचा.) गड्याने जेवणाची सुट्टी सोडून दार पुन्हा घासलं. सुताराला म्हटलं, स्टुलाचे तीन पाय अगदी नेमके बसलेत. स्टूल चार पायांचं होतं. आठवड्याभरात अशी दहशत बसली, की मी कौतुकाला तोंड उघडलं की माणसं हात जोडायची, "साहेब, त्यापेक्षा शिव्या घाला हो!" माल मात्र एकही परत आला नाही. बाई म्हणाल्या, "बघा, कशी फुलली माणसं!"

इथवर ठीक होतं. पण मी हे शास्त्र घरी आणलं. तुमच्या बहिणीने नवे पडदे शिवले होते. मी म्हटलं, "डावी शिवण फार सुरेख." "आणि उजवी?" मी छताकडे पाहिलं. (छत उत्तम आहे, मीच रंगवलंय.) "सव्वीस वर्षं तोंडावर चुका काढल्यात, ते सोसलं. हे गोड बोलून गप्प बसणं नाही सोसायचं मला," म्हणाली आणि बॅग भरायला लागली. बॅग फार नीट भरली तिने. तसं मी बोललोही. बोलायला नको होतं.

असो. तिला काही निरोप वगैरे नाही.

तुमचा (अजूनही) मेहुणा

ता. क. उजवी शिवण सहा मिलिमीटर तिरकी होती. ती उसवून मी स्वतः घातली. आता एकोणीस मिलिमीटर तिरकी आहे आणि पडदा खिडकीला पुरत नाही. ही चूक माझी. तिने येऊन ती काढावी, तोंडावर, हवा तितका वेळ. शनिवारी दुपारची गाडी सोयीची आहे. मी दीड वाजल्यापासून स्टेशनवर असेन. गाडी तीनची आहे.

ता. क. दुसरा. बाई मला त्यांच्या संस्थेत बोलावत होत्या. गावोगाव फिरून फोरमन लोकांना कौतुक करायला शिकवायचं, महिन्यातले बावीस दिवस घराबाहेर. मी नाही म्हणालो. ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? पगार महिना पंच्याऐंशी हजार होता, हे तिला सांगायची गरज नाही. सांगितलंतच, तर पंच्याऐंशी हजार चारशे, असं नीट सांगा.