आईच्या दहाव्याचे केस

प्रिय सार्थक,

पत्र बघून दचकू नकोस. आजकाल पत्र आलं की माणूस आधी वाईटच समजतो. हल्ली तू फोन करतोस, मी उचलत नाही, आणि तुला वाटतं आबा आईच्या दहाव्यापासून अजून रागात आहेत. त्याच धास्तीनं दोन वर्षं झाली, तू गावाकडे, अवसरीला फिरकला नाहीस. तुझ्या दोस्ताकडून, संयमकडून कळलं मला हे सगळं. अरे, राग असता तर फोन उचलून तुला चांगला फैलावर घेतला असता! बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईकवर ओरडत हयात गेली माझी, गप्प बसून राग धरणारा माणूस वाटलो का मी तुला? तू घरी यावंस, एवढंच मला हवंय. ते तुझ्या टकुऱ्यात शिरावं म्हणून लिहायला बसलोय.

परवा मंचरला गेलो होतो. पोपटलाल शेटच्या कापडदुकानावरचा तुझा पहिला फ्लेक्स आता उतरवलाय. आठवतं ना, पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो, आणि शेटनी सहज म्हणून तुला शेरवानी घालून आरशासमोर उभं केलं? वर फेटा बांधला आणि स्वतःच बघत राहिले. मला म्हणाले, भगवंतराव, ह्या पोराला औतामागं लावू नका. त्यांच्या नातवानं, म्हणजे आपल्या संयमनंच, फोटो काढला आणि आठवड्यात तू चौकात घराएवढा उभा! मग पुणं, मग मुंबई, कपड्यांच्या कंपन्यांचे फोटो, ते रॅम्पवर चालणं. तुझी आई म्हणायची, नुसतं चालायचं काम असतंय व्हय, मग मी मळ्यात जन्मभर काय केलं? पुढं केसांच्या तेलाची जाहिरात मिळाली आणि ती बघून मालिकावाल्यांनी बोलावलं. गाडा सुटायच्या आधी मी माईकवरून सांगायचो, मंडळी, आज आठला टीव्ही लावा, आपलं पोरगं दिसणार आहे. लोक हसायचे. हसू देत. मला लई अभिमान होता तुझा, आजही आहे. तोंडावर कधी बोललो नाही इतकंच.

मग तुझी आई गेली. दहाव्याला सगळी भावकी नदीवर जमली. केस काढायला मुलगा पुढं बसायचा, म्हणून सगळे तुझ्याकडे बघत होते, आणि तू हात जोडून उभा राहिलास. तेलाच्या कंपनीशी करार होता, जाहिरात चालू आहे तोवर केसांना कात्री लावायची नाही. कपाळावरची एक बट तेवढी कापून दिलीस. चांगदेवकाकानं सगळ्यांदेखत आपलं डोकं पुढं केलं. म्हणाला, वहिनीसाठी मी काढतो, आमची डोकी काय इकायला काढली न्हाईत. ते तुला लागलं. मलाही लागलं रे. तू तेराव्यालासुद्धा थांबला नाहीस.

पुढं मालिकेत तुझा बाप मेला. तू टक्कल करून चितेसमोर उभा, सगळं गाव बघत होतं. दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय. टीव्हीतल्या बापाला केस दिलं आन् पोटात वाढवलं त्या आईला न्हाई! मी सांगून सांगून दमलो, अरे बाबांनो, ती रबराची टोपी असते, कानामागं तिची कड दिसत होती. पण कोण ऐकतंय? खरं सांगू का, ते बघताना मीही रडलो. तू जसा त्या सोंगातल्या बापासाठी हंबरडा फोडलास, तसा नदीवर फोडला नव्हतास. आईसाठी रडायचं राहिलं होतं, ते तिथं रडलास. तुला अभिनय चांगला जमला असं सगळे म्हणाले.

आता त्या तेलाच्या बाटलीवर दुसरंच पोरगं आलंय. किराणा दुकानात बघितलं आणि तेल न घेताच परत आलो. मालिकाही बंद झाली. संयम सांगतो, ऑडिशनच्या रांगेत विशीतली पोरं तुला दादा म्हणतात आणि तू कुणाशी बोलत नाहीस. त्यात लाजायचं काय? घाटाचा राजा ठरलेला बैलसुद्धा एक दिवस मागं पडतो, म्हणून दावणीची वैरण कुणी तोडत नाही. पण संयमनं आणखी एक सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तू म्हणालास म्हणे, करार तर संपला, आता डोकं भादरतो, नदीवर जाऊन आईची माफी मागतो, मगच आबांना तोंड दाखवतो. खबरदार! लहानपणी तुझ्या डोक्याला तेल चोळताना ती माऊली गाणी म्हणायची, तिला तुझं टक्कल बघून काय सुख मिळणार आहे? भावकीलाही मी बजावून ठेवलंय, माझ्या दहाव्यालासुद्धा ह्याच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. चांगदेव तोंड फिरवून बसला. बसू दे.

आता फोन का उचलत नाही ते सांगतो. माझ्या घशात गाठ आहे. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं, तिथं तपासून कॅन्सर म्हणाले. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे, त्यात स्वरयंत्र काढून टाकणार. जीव राहील म्हणतात, आवाज राहणार नाही. आत्ताच फोनवर नुसती घरघर ऐकू जाते, तू भिशील म्हणून उचलला नाही. पण अगदी जवळ बसलं तर शब्द अजून कळतात. संयम उद्या मुंबईला निघालाय, म्हणून हे त्याच्या हाती देतोय. आख्खा जन्म लोकांच्या बैलांची नावं पुकारून घसा फोडला बाळा, उरलाय तेवढ्या आवाजात मला तुझं नाव घ्यायचंय. सोमवारच्या आत ये. आहेस तसा ये.

तुझाच,
आबा