रुमालाखालचा हात

बिस्मिल्लाह. मी, सिद्दीक नूरमहंमद पठाण, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बैलांची खरेदी-विक्री, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण त्याची गरज नव्हती. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे शिरूरपासून दौंडपर्यंत कोणत्याही बैलबाजारात विचारावे. ज्यांना मी महागात पडलो ते जास्तच जोरात सांगतील.

१. राहते घर आणि दौंड तालुक्यातील भांडगावची अडीच एकर जमीन यांचे वाटे शरीयतप्रमाणे पत्नी अकिला, मुलगा शोएब आणि दौंडला दिलेली मुलगी निलोफर यांच्यात होतील. त्यात मी लुडबूड करीत नाही. फक्त घरामागचा गोठा अकिला आहे तोवर कोणी पाडू नये. भांडगावचा शेजारी बाळासो याने बांध दोन हात आमच्याकडे सरकवला आहे. ते मी त्याला माफ केलेले नाही, करणारही नाही. सरकारी मोजणी आणावी.

२. बैलबाजारातली लिंबाखालची माझी जागा, दावणीचे सामान आणि धंद्यातले नाव. हीच माझी खरी कमाई आहे, म्हणून ती कशी झाली ते आधी सांगतो.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटे धरून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही दिसत नाही, पण धरणाऱ्याला सगळे कळते. बोट थरथरले, तळवा ओला झाला, नाडी उडाली, की गडी अडला आहे हे समोरचा ओळखतो. १९६१ साली पाबळचे हौसराव चौधरी यांनी माझी खिल्लारी जोडी अशीच मातीमोल भावात नेली. वर रुमाल झटकून चारचौघांत म्हणाले, "सिद्दीक, तुझं काळीज बोटात हाय. त्ये आधी जाग्यावर बशिव, मंग बाजारात ये."

मला फार लागले. पण बोलले ते खरे होते. दुसऱ्या दिवसापासून पहाटे फजरच्या नमाजानंतर मी गोठ्यात बसू लागलो. सगळ्यांत बुजरा बैल निवडायचा, त्याच्या कुशीवर तळवा ठेवायचा आणि आपला श्वास मोजायचा, शंभरपर्यंत. मन भावाकडे पळाले की पुन्हा एकपासून. आपण आतून उसळलेले असलो की बैलाचे कातडे थरथरते, त्याच्यापुढे सोंग चालत नाही. पहिला महिनाभर मी तिसाच्या पुढे गेलो नाही. शंभर व्हायला दीड वर्ष लागले.

त्यानंतर चाळीस वर्षांत माझा हात कोणाला वाचता आला नाही. खुद्द हौसराव तीनदा फसले. त्यांनी हे कधी कबूल केले नाही, परंतु या कागदावर ते साक्षीदार आहेत, म्हणजे वाचावे लागेलच. मी हे गर्वाने लिहितो. अल्लाह माफ करील.

३. हौसरावांचा नातू सत्यजीत कॉम्प्युटरवर शेअरचा धंदा करतो. मन एकाग्र करायला पुण्याला शिबिरही करून आला होता. तरी माझ्याकडे येऊन म्हणाला, "चाचा, भाव पडाय लागला की हात कापतो, आन् घाबरून इकून टाकतो." मी त्याला गोठ्यात बसवले. बैलाने शेपटीने शर्ट शेणाने माखला, तरी पोरगा महिनाभर येत राहिला. आता पडत्या बाजारात आधी शंभर श्वास मोजतो, मग बटण दाबतो. त्याला माझा बसायचा पाट द्यावा.

४. आता जागा कोणाला ते. शोएबला मी १९९६ साली बाजारातून हाकलले. त्याचा हात गिऱ्हाइकाने वाचला, आणि याने चिडून गिऱ्हाइकाची कॉलर धरली. मी सगळ्यांदेखत त्याच्याकडून रुमाल काढून घेतला. तेव्हापासून तो कंपनीच्या बसने रांजणगावला शिफ्टला जातो. बाजारात परत घ्या, असे त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी उठून बाजाराला निघालो. पहिल्या खर्ड्यात जागा पुतण्या कैफ याला लिहिली होती. कैफ शांत आहे, पण त्याची शांती झोपाळू माणसाची आहे.

गेल्या महिन्यात अकिलाने सांगितले, की सात वर्षे, शिफ्ट कुठलीही असो, शोएब घरी आला की आधी गोठ्यात जाऊन बसतो. मला आधी का नाही सांगितलेस, म्हटले, तर म्हणाली, "तुमी कवा इचारलं?"

काल त्याला समोर बसवून रुमालाखाली त्याचा हात धरला. अंगठा नाडीवर ठेवला आणि म्हणालो, "जागा कैफला लिवली. कागद तयार हाय." नाडी होती तशीच. "तू नालायक निघालास," म्हणालो. तळवा कोरडा. उलट तोच हळू म्हणाला, "अब्बा, न्हाई पटत तुमाला त्ये. तुमचं बोट हाललं."

सबब जागा, सामान आणि नाव शोएबला. एका वारसाला जास्त द्यायचे तर बाकीच्यांची संमती लागते, असे वकील म्हणाले. अकिला आणि निलोफर यांनी ती खुशीने दिली आहे, आणि माझ्यामागे कायम ठेवतील. कैफला माझी मोटारसायकल.

बोट का हलले, ते शोएबने विचारले नाही. लिहून ठेवतो. पोटच्या पोराला नालायक म्हणताना ते हलले. त्याला हाकलले त्या दिवशी बाजारातही हलले असते, पण तेव्हा मी त्याचा हात धरला नव्हता.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

सही: सिद्दीक नूरमहंमद पठाण

साक्षीदार:
१. हौसराव गेनुजी चौधरी, राहणार पाबळ
२. भिमा सखाराम खैरे, राहणार शिरूर

ठिकाण: शिरूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २००३