काकांचं अंडं

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ठमे,

आज सकाळी दूध उतू गेलं. शेगडी पुसली. कोंबड्यांना दाणे टाकले, पाण्याचं भांडं घासलं. दुपारी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मग जरा पडलो, पण झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

डॉक्टरांना मीच बोलावलं होतं. तू फोनवर म्हणालीस ना, बाबा, निदान नर कोण नि मादी कोण एवढं तरी कळू दे. तर कळलं. उन्हाळ्यात आई कचऱ्याची बादली रिकामी करायला गेली आणि बादलीतून दोन अर्धवट वाढलेली पिल्लं घेऊन आली, तेव्हाच तिनं निकाल देऊन टाकला होता. पांढरं ते जाडजूड, लाल तुऱ्याचं, छाती काढून चालणारं. हा नर, म्हणाली, आणि चाल बघा, हुबेहूब तुमचे दादा! म्हणून त्याचं नाव तुझ्या काकांवरून काका. ठिपक्यांची ती अंगानं शेलाटी, म्हणून मादी. तिचं नाव थोरली. थोरलीच्या अंड्यासाठी आईनं एका खोक्यात आपली जुनी शाल घडी करून ठेवली आणि खोकं स्वतःला पलंगावरून दिसेल असं मागच्या दाराशी सरकवलं.

डॉक्टरांनी दोन्ही उलट सांगितलं. काका मादी आहेत. ही मांसासाठी वाढवतात ती ब्रॉयलर, कुठल्यातरी ट्रकमधून पडली असणार. थोरली गावठी, आणि कोंबडा. मला नवल वाटलं नाही. जन्मभर नकाशे काढले, रेघ कुठे गोल होते आणि कुठे टोकदार, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. पावसाळ्यातच थोरलीच्या मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार पिसं आली होती. मादीची तिथली पिसं टोकाला गोल असतात. आई रोज विचारायची, घातलं का हो थोरलीनं? मी म्हणायचो, अजून नाही, थोडा वेळ लागेल. शेवटच्या दिवशीही तेच म्हणालो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन.

आई गेल्यावर आठवड्याभरात थोरली आरवली. वरच्या मास्तरांनी मला जिन्यात अडवलं. तुमची थोरली पहाटे आरवते, आम्ही काय करायचं म्हणाले. मी म्हटलं, उठायचं. मी असं बोललो याचं त्यांच्याइतकंच मलाही आश्चर्य वाटलं.

काकांना उचलून डॉक्टर म्हणाले, ही जात इतकी जगत नाही हो. पाय अंगाचं वजन पेलत नाहीत, नाहीतर हृदय थकतं. खरं तर ही आत्तापर्यंत जायला हवी होती. ठमे, हे वाक्य मी या वर्षात दुसऱ्यांदा ऐकलं आणि दोन्ही वेळा मला रागच आला. आईनं काकांना पथ्यावर ठेवलं होतं. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर, आणि दाणे अंगणाच्या दोन टोकांना टाकायचे, म्हणजे चालणं होतं. मी तसंच चालू ठेवलं आहे. मला हात लावायला येऊ नका, अशा थाटात काका अजूनही अंगणभर फिरतात.

आता मूळ मुद्दा. रविवारी तुझा माणूस पिंजरा घेऊन येणार आहे आणि पुढच्या आठवड्यात माझ्या सामानासाठी टेंपो. तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, जावईबापूंनी खिडकीशी टेबल लावलं. तुमची माया मला कळते. पण माणसाला पाठवू नकोस आणि टेंपोही रद्द कर. मास्तर तक्रार करोत, डॉक्टर काहीही म्हणोत. आईनं ज्यांना घरात घेतलं, त्यांच्यापैकी कुणीच इथून हलणार नाही. त्यात मीही आलो. रागावलीस तर रागाव, पण सुट्टीत ये. आणि एक सांगायचं राहिलं. डॉक्टर गेल्यावर मी मागचं दार लावायला गेलो, तेव्हा काका खोक्यातून उतरत होते. शालीवर अंडं होतं, लहानसं, बदामी, अजून गरम. ते उकळत ठेवलं आहे. पाण्याचा आवाज यायला लागला, गॅस बारीक करून येतो.

तुझाच,
जागचा न हलणारा बाबा